बुक्कीचा कांदा

सरजाबाईच्या हातातून इळा निसटला तो भर दुपारी, सगळ्या टोळीदेखत.

गुरुबसप्पांच्या रानात सोयाबीनची काढणी चालली होती. दसरा तोंडावर होता. शेंगा इतक्या वाळल्या होत्या की धक्का लागला तरी तडकून दाणे मातीत जात, आणि मन्याड नदीच्या अंगाला रोज दुपारनंतर काळं भरून येई. अशा दिवसांत मालक बांधावर उभा राहून आभाळाकडं बघतो आणि बायका माना खाली घालून कापत सुटतात. प्रत्येकीच्या वाट्याला चार ओळींचा पट्टा येतो, त्याला पात म्हणायचं. पहिली पात धरणारीचा हात जसा चालेल तशी मागची टोळी चालते. या गावात पहिली पात सरजाबाईची, हे कुणी ठरवलं नव्हतं. ती सून म्हणून आली त्याच्या दुसऱ्या सुगीपासून तसंच होतं.

तिने इळा उचलायला हात घातला तर बोटं मुठीभोवती जाईनात. सांधे सुजून लाल झाले होते, वरची कातडी ताणून चकाकत होती. तिने डाव्या हाताने इळा उचलून उजव्यात कोंबला, कशीबशी दोन झाडं कापली आणि इळा पुन्हा पडला. मागची अंबिका थांबली. तिच्या मागची सुलतानबी थांबली.

"काय झालं, आक्का?" अंबिकेने विचारलं.

"काही न्हाई. घाम आलाय हाताला."

घाम सगळ्यांच्याच हाताला आला होता. कुणाचा इळा पडला नव्हता.

गुरुबसप्पा बांधावरून खाली आले. माणूस वाईट नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. "सरजाबाई, तुम्ही आता आंब्याखाली बसा," ते म्हणाले. "बायांना पानी पाजा. अर्धी हजेरी मांडतो तुमची. अंबिका, तू घे पहिली पात."

अर्धी हजेरी पोरासोरांना देतात. अंगातला नवऱ्याचा, निवृत्तीचा, जुना फुल बाह्यांचा शर्ट सरजाबाईने काढला, झटकला आणि आंब्याखाली जाऊन बसली. पाणी पाजायचं तर तांब्या धरावा लागतो, आणि तो तिला दोन्ही तळव्यांत दाबून धरावा लागत होता. तिला रडू आलं नाही, राग आला. सरजाबाईला आधी राग येतो. रडायचं ती अजून शिकायची होती.

हाताचं दुखणं दोन वर्षांचं. आधी सकाळी बोटं आखडायची आणि ऊन वर आलं की सुटायची. मग दुपारपर्यंत सुटेनात. भाकरी थापणं गेलं, दाराची कडी काढणं गेलं. रानात इळा तेवढा ती मुठीला फडकं गुंडाळून निभावून नेत होती. वेणी सून घालू लागली. शेवटी ब्लाउजचे हुकही महामायाच लावू लागली, तेव्हा सरजाबाई भिंतीकडं तोंड करून उभी राहायची आणि सुनेला उगाच बोलायची, "अगं हळू, काय बैल जुंपायलीस का?" महामाया हसायची. अंगणवाडीत मदतनीस होती. पन्नास पोरांचे हुक लावून बोटं तयार झाली होती तिची. तिचा नवरा, म्हणजे सरजाबाईचा लेक अश्वजित, लातूरला गोदामात कामाला, तो आठ-पंधरा दिवसांनी यायचा. त्यामुळं घरातली सत्ता सासू-सुनेत वाटलेली होती, आणि निवृत्तीकडं फक्त मतं होती.

ती मात्र भरपूर होती. निवृत्तीला पूर्वी मुतखडा झाला होता. कंधारच्या दयानंद डॉक्टरांच्या होमिओपॅथीच्या गोळ्या खाऊन तो पडला, असं निवृत्ती बसस्टँडपासून बौद्धवाड्यापर्यंत सगळ्यांना सांगत असे. त्या दिवसांत सरजाबाई त्याला रोज कुळथाचं पाणी उकळून पाजत होती आणि तो दिवसभर घागरभर पाणी पीत होता, हे तो सांगत नसे. मुतखडा कशानं पडला कुणास ठाऊक. पडला तेव्हा हातात गोळ्यांची बाटली होती, म्हणून नाव बाटलीचं झालं.

"इंग्रजी गोळीनं किडनी जाती," तो म्हणायचा. "ह्या गोळीला साईड इफेक्ट न्हाई."

म्हणून सरजाबाईही दयानंद डॉक्टरांकडं जाऊ लागली. तिला ते आवडलेही. दुसरे डॉक्टर तोंड उघडायच्या आत सुई काढतात. हे तासभर विचारायचे. तहान किती लागते, स्वप्नं कसली पडतात, मन कशानं खट्टू होतं. सासरी येऊन इतकी वर्षं झाली, तिला कसली स्वप्नं पडतात हे कुणी विचारलं नव्हतं. घरी येताना तिला खरंच बरं वाटे. दोन दिवस टिके ते.

एकच पथ्य होतं, आणि तेच अवघड. कच्चा कांदा वर्ज्य. त्याच्या उग्र वासानं औषधाची शक्ती मरते म्हणे.

आता टोळीत सरजाबाईची ख्याती दोन गोष्टींची. एक पहिली पात आणि दुसरी तिची बुक्की. दुपारी भाकरी सोडली की कांदा बांधावरच्या धोंड्यावर ठेवायचा आणि वरून मूठ आपटायची. बाकीच्या दोन-तीनदा आपटत, कांदा घरंगळून पळे, त्याच्या मागं धावत. सरजाबाईची एकच बुक्की. कांदा फुटून पाकळ्या पाकळ्या व्हायचा, आणि सुलतानबी म्हणायची, "निवृत्तीभाऊ, संभाळून ऱ्हा बापा!" ती बुक्कीही गेली आणि कांदाही गेला. दोन वर्षं तिने कांदा चाखला नाही. घरात निवृत्तीला कांदा खायचा असला तर त्याला अंगणात पिटाळायची. तरी प्रत्येक फेरीला हात तसाच सुजलेला बघून डॉक्टर हळूच म्हणत, "कांदा झालेला दिसतो मध्ये." आणि निवृत्ती घरी आल्यावर तिच्याकडं डोळे बारीक करून बघे.

तरीही तिचा विश्वास इतका की सुलतानबीला आणि अंबिकेलाही तिनेच त्या दवाखान्यात नेलं. सुलतानबीच्या छातीत जळजळ व्हायची. अंबिकेच्या मानेवर एक मस होता, गळ्यातल्या दोऱ्याला सारखा घासायचा. तिघींना तीन बोटभर बाटल्या मिळाल्या, तिघींच्या आत पांढऱ्या बारीक गोळ्या.

काढणीच्या रानात पथ्याची पंचाईत झाली. भाकरीच्या सगळ्या गाठोड्यांत कांदे. म्हणून तिघींनी बाटल्या एका कापडी चंचीत घातल्या आणि ती चंची आंब्याच्या उंच फांदीला टांगली, वास पोचणार नाही अशी. दुपारी चंची काढायची, चार-चार गोळ्या जिभेखाली ठेवायच्या, परत टांगायची. महिनाभर हे चाललं.

आणि महिनाभरात गुणही आला. अंबिकेचा मस वाळून एक दिवस अंघोळीत गळून पडला. सुलतानबीची जळजळ थांबली. "माय, लई भारी दवा हाय," ती सगळ्या टोळीला सांगत सुटली. एकट्या सरजाबाईचा हात बिघडत गेला.

इळा पडला त्या संध्याकाळी ती चंची घेऊन घरी आली. "आता रानात कशाला ठेवू? आता मी पानीवाली," ती म्हणाली.

रात्रीच्या जेवणाआधी महामाया गोळ्या द्यायला बसली. चंचीतली एक बाटली काढली, झाकण उलटं करून बघितलं. दुसरी काढली. मग तिसरी.

"आत्या, तुमी कंची बाटली खाताव?"

"ह्यीच की. किंवा ती. का गं?"

"तुमच्या झाकनाला आतून मी नखाचा लाल रंग लावलेला. फळीवर मामाची बी बाटली असती, घोळ व्हऊ नये म्हनून. ह्या लाल बाटलीतल्या गोळ्या जराशाच उतरल्यात. आन ही बिनरंगाची निम्मी झाली."

सरजाबाईने बाटल्या तळव्यांत धरून फिरवून बघितल्या. बाटल्यांवरची नावाची कागदं घामानं आणि दवानं केव्हाच पुसून गेली होती. रानात वेळ कुणाला होता? हाताला येईल ती बाटली, चार गोळ्या, की पुन्हा पात.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी चावडीजवळ जमली तेव्हा तिने विचारलं. अंबिका म्हणाली, "सगळ्याच गोडच लागतेत की आक्का. मी आपली पैली हाती येईल ती खायचे." सुलतानबी आधी घाबरली. "हाय अल्ला! मी तुझी वाताची गोळी खाल्ली?" मग तिला आठवलं की आपल्याला गुण आलाय, आणि ती हसायला लागली. "मंग माझी जळजळ कंच्या गोळीनं गेली गे?"

"तू रानात आल्यापासनं सकाळचा चहा सुटलाय तुझा," अंगणवाडीला निघालेली महामाया म्हणाली. "निरन्या पोटी तीन कप पेत व्हतीस."

"आन माझा मस?"

"आमच्या अंगनवाडीतल्या पोरांचे आपोआप गळतेत. काही न लावता."

बायका हसून हसून वाकल्या. सरजाबाई हसली नाही. तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. घोळ तर महिन्याभराचा. त्याच्या आधी जवळजवळ दोन वर्षं ती आपल्याच बाटलीतल्या गोळ्या खात होती, नेमानं, वेळेवर. तेव्हा काय झालं होतं?

संध्याकाळी तिने हेच निवृत्तीला विचारलं. तो पायरीवर बसून बूट झटकत होता.

"बाटल्या मिसळल्या म्हनून गुन आला न्हाई," तो म्हणाला.

"आन त्याच्या आधी?"

निवृत्ती तिच्याकडं न बघता म्हणाला, "खरं सांग. चोरून कांदा खायचीस ना?"

महामायाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. सरजाबाई उठली. शिंकाळ्यातून एक कांदा काढून तिने निवृत्तीच्या समोर उंबऱ्यावर ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिने कांद्याला हात लावला होता, आणि तोही तिला दोन तळव्यांत धरून आणावा लागला.

"दोन वर्सं मी ह्याचा वास घेतला न्हाई," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण रडण्यानं नव्हे. "माझी बोटं गेली. माझी पात गेली. अर्ध्या हजेरीवर आले. आन तुमी मला चोर म्हनताव? आता ऐका. ती गोळी बंद. आन कांदा मी खाईन तर ह्या मुठीनं फोडून खाईन. न्हाईतर जल्मात खानार न्हाई."

निवृत्तीचं चुकलं होतं आणि ते त्याला तिथंच कळलं होतं. पण कळलं असं म्हणायला त्याला बराच काळ लागायचा.

सरजाबाई बाजारच्या दिवशी एकटीच कंधारला गेली. डॉक्टरांना तोंडावर विचारल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

दयानंद डॉक्टरांनी नेहमीसारखं हसून बसायला सांगितलं. "बोला सरजाबाई. झोप कशी आहे?"

"झोप ऱ्हाऊ द्या. डॉक्टर, ह्या गोळ्या लागू पडतेत का?"

"विश्वास ठेवावा लागतो."

"इस्वास दोन वर्सं ठेवला. आता काय बोटं ठेवू?"

तिने चंचीचा सगळा घोळ सांगितला. अंबिकेने वाताची गोळी खाल्ली तरी मस गेला, सुलतानबीने मसाची खाल्ली तरी जळजळ गेली. डॉक्टरांना हसू आवरेना. मग ते म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला गुण आला नाही. गोळ्या बदलल्या ना."

"मंग त्यास्नी कसा आला? त्यांच्या बी बदलल्याच की."

डॉक्टर पेनाची उघडझाप करत राहिले. सरजाबाईने आपला उजवा हात टेबलावर ठेवला. हाताशेजारी गोळ्यांचं एक चंदेरी पाकीट पडलं होतं, निम्मं रिकामं.

"ह्या कशाच्या?"

"बीपीच्या."

"कुनाला बीपी हाय?"

"मला."

"तुमच्या बाटलीतल्या न्हाईत ह्या?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते पाकीट उचलून खणात टाकलं, मग खण तसाच उघडा ठेवला. दोन वर्षांत तिची सगळी स्वप्नं त्यांनी विचारली होती, पण तिचा सांधा कधी दाबून बघितला नव्हता. तो त्यांनी आज दाबला. सरजाबाईने ओठ चावला.

"हे माझ्या गोळ्यांनी थांबणार नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "मी तुम्हाला आधीच नांदेडला पाठवायला पाहिजे होतं. सरकारी दवाखान्यात सांध्यांचा वेगळा विभाग आहे. उशीर करू नका, बोटं वाकडी झाली की सरळ होत नाहीत."

सरजाबाईला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण या माणसाने खरं सांगितलं होतं, आणि ते सांगताना त्याचे कान लाल झाले होते. दारात थांबून ती म्हणाली, "तुमी ऐकून लई चांगलं घेताव, डॉक्टर. तेवढं करत जा. गोळ्याबिगर."

नांदेडला जायच्या सकाळी निवृत्ती घरात नव्हता. सरजाबाईने त्याची वाट बघितली नाही. महामायाबरोबर फाट्यावर गेली तर तो आधीच तिथं उभा, हातात पिशवी, पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली आणि रांगेत बसायला पोतं. "बस कवाची येऊन ऱ्हायली," तो म्हणाला. बस कुठंच दिसत नव्हती.

दवाखान्यात रांग जिन्यापर्यंत होती. निवृत्तीने पोतं अंथरलं, सरजाबाईला बसवलं आणि स्वतः रांगेत उभा राहिला. रक्त दिलं, फोटो काढले, पुन्हा रांग. लुबना नावाची तरुण डॉक्टरीण होती, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, बोलणं भराभरा. तिने सगळ्यांत आधी आपली दोन बोटं पुढं केली. "मावशी, दाबा. जोरात."

सरजाबाईने दाबलं. डॉक्टरणीने मान हलवली. "एवढंच?"

"एवढंच."

"आमवात आहे. करंगळी वाकली ती वाकली. बाकीची वाचवू. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतेल, नीट ऐका. दर महिन्याला रक्त तपासायचं. आणि ही गोळी कुणाला वाटायची नाही."

"किडनी...?" मागून निवृत्तीने विचारलं.

"म्हणूनच तर रक्त तपासतो, काका."

सरजाबाई उठली नाही. मागं रांग ओरडत होती, तरी ती म्हणाली, "डॉक्टर, राग मानू नका. ही गोळी लागू पडती हे तुमाला कसं ठाव? आदीचे बी डॉक्टरच व्हते."

लुबनाने पेन खाली ठेवलं. "बरोबर विचारलंत. हा आजार असलेल्या शेकडो लोकांचे दोन भाग केले. निम्म्यांना ही गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, आत औषध नसलेली. कुणाला कोणती दिली ते घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. मग सगळ्यांच्या मुठी मोजल्या. औषधवाल्यांच्या मुठी जास्त मिटल्या."

सरजाबाईचा चेहरा एकदम फुलला. ती महामायाकडं वळली. "अगं, ह्यांनी बी बाटल्या मिसळल्या! मुद्दाम मिसळल्या!" मग पुन्हा डॉक्टरणीकडं. "आमच्या आंब्याखाली असंच झालं. आमचं चुकून झालं. त्या बारक्या गोळ्यांचं असं केलं का कुनी?"

"केलंय. खूपदा. जिथं नीट केलं तिथं दोन्ही भागांत सारखंच निघालं."

"मंग आमचं नीटच झालं व्हतं," सरजाबाई म्हणाली, आणि चोरीचा आळ खोटा ठरलेल्या बाईनं कोर्टातून बाहेर पडावं तशी ताठ मानेनं उठली. निवृत्ती मागं पिशवी घेऊन चालत होता. जिन्यावर तो म्हणाला, "तू कांदा खाल्ला नव्हतास."

"न्हाई."

"हां," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढं आलं हेच पुष्कळ झालं.

सोपं नव्हतं. गोळी घेतली की दुसरा दिवस मळमळीत जाई. एकदा तोंड येऊन भाकरी गिळेना, तेव्हा निवृत्ती पुन्हा किडनी-किडनी करू लागला. महामायाने सरळ नांदेडची बस धरली. लुबना मॅडमनी मात्रा बदलली, जोडीला आणखी एक गोळी दिली आणि ते थांबलं. गोळ्यांचं पाकीट महामायाने अंगणवाडीच्या कुलुपाच्या पेटीत ठेवलं होतं. गोळीचा गुरुवार सोडून ते कुणाच्या दृष्टीस पडत नसे. तूर काढणीच्या दिवसांत सुलतानबी गुडघा धरत आली. "सरजा, एक दे की गे. तुला फरक पडायलाय. माझा बी गुडघा दुखतो."

"न्हाई."

"अगे, कांदा मागितला तर अर्धा देत व्हतीस!"

"कांदा हाय का ह्यो? चल, पुढच्या फेरीला तुला बी नेते. तुझं रक्त तपासू देत, मंग तुझी तुला." आणि तिने खरंच नेलं. सुलतानबीला साधा गुडघ्याचा व्यायाम सांगितला, त्यावर ती महिनाभर रुसली होती.

हरभरा निघाला तोवर सूज उतरू लागली. डॉक्टरणीने सांगितलं म्हणून सरजाबाई रोज पिठाचा गोळा मुठीत दाबायची. आधी त्यावर बोटांचे नुसते ठसे उमटत. पुढं पीठ बोटांच्या फटीतून बाहेर येऊ लागलं. महामाया कांदा चिरून ताटात ठेवी, सरजाबाई तो बाजूला सारी. "मी काय बोलले ते ध्यानात हाय माझ्या."

चौदा एप्रिलला सगळ्या वाड्यात पांढऱ्या साड्यांची गडबड होती. महामाया सासूला तयार करायला खोलीत गेली, तर सरजाबाई पाठमोरी उभी होती.

"थांबा आत्या, हुक लावते."

सरजाबाई वळली. हुक लागले होते. वरचा एक चुकून खालच्या फासात गेला होता, पण लागले होते सगळे. मग महामायाच रडली आणि सरजाबाईने तिला जवळ घेतलं. "अगं, जय भीम म्हन. रडती काय?" असं म्हणताना तिचा स्वतःचा आवाज फुटला. शेवटी ती रडायलाही शिकली, आणि तेही आनंदानं.

पुन्हा सोयाबीन पिवळं पडलं. गुरुबसप्पांचं तेच रान, तोच आंबा. हवामानखात्याने दुपारनंतर जोराचा पाऊस सांगितला होता आणि अर्धं रान उभं होतं. मालक पहाटेच बांधावर.

सरजाबाई निवृत्तीचा शर्ट अंगात घालून, डोक्याला फडकं बांधून आली. गुरुबसप्पांनी आंब्याकडं बोट केलं. "या सरजाबाई. घागर भरून ठेवलीय."

"अप्पा, पानी दुसरं कुनी पाजील. मला पात पायजे. पैली."

सगळी टोळी अंबिकेकडं बघायला लागली. वर्षभर पहिली पात तिची होती, आणि ती काही उगाच सोडणाऱ्यातली नव्हती. "आक्का, मागं टोळी खोळंबली तर?"

"तर इळा तुझ्या हातात देते आन घागर उचलते."

अंबिका बाजूला झाली. सरजाबाई वाकली. इळ्याची मूठ पकडताना करंगळी बाहेरच राहिली, वाकडी. बाकीची चार बोटं मुठीभोवती गेली आणि घट्ट बसली. डाव्या हाताने झाडांचा घोळका धरला, उजव्याने खालून ओढला. खर्र आवाज झाला. पुन्हा खर्र. पहिल्या तासाला तिचा हात जपून चालत होता. मग ऊन चढलं, अंग तापलं आणि हाताला जुनी चाल आठवली. शेंगांची टोकं तळव्यात घुसत होती, कमरेत कळ होती, घाम डोळ्यांत जात होता. एवढ्या दिवसांनी कापताना कुणालाही दुखतं तसंच दुखत होतं, आणि त्याचाच तिला आनंद झाला.

"आक्का, दमानं!" मागून अंबिका ओरडली.

"कामून? मागं ऱ्हायलीस का?"

सुलतानबी खदखदून हसली आणि सगळ्यांचे हात सुटले. नदीच्या अंगाला काळं भरून आलं तोवर शेवटचा पट्टा आडवा झाला होता. पुरुषांनी ढीग उचलून गंजी लावली, वर ताडपत्री ओढली. गुरुबसप्पा टोपी काढून डोकं पुसत आले.

"सरजाबाई, पुरी हजेरी."

"मंग? अर्धं काय कापलं मी?"

आंब्याखाली भाकऱ्या सुटल्या. सरजाबाईने गाठोडं सोडलं तर भाकरी आणि ठेच्याच्या मध्ये एक कांदा होता. लाल, मोठा, मातीसकट. महामाया कांदा नेहमी धुवून, चिरून देते. असा न धुतलेला, घाईनं घुसडलेला कांदा घरात एकच माणूस ठेवू शकत होता. तिने मान वर केली. गंजीजवळ निवृत्ती ताडपत्रीची दोरी बांधत होता, आधीच बांधलेली दोरी पुन्हा सोडून बांधत होता, आणि इकडं बघत नव्हता.

सरजाबाईने कांदा धोंड्यावर ठेवला. मूठ मिटली, चार बोटं आत, करंगळी बाहेर. एकदा वर बघितलं. पावसाचा पहिला थेंब तिच्या मनगटावर पडला तेव्हाच बुक्की खाली आली.

एकच. कांदा फुटून पाकळ्या पाकळ्या झाला.

"निवृत्तीभाऊ!" सुलतानबी ओरडली. "संभाळून ऱ्हा बापा!"

सगळी टोळी हसली. गंजीजवळ निवृत्तीही हसला. सरजाबाईने सगळ्यांत मोठी पाकळी उचलून मीठ लावून तोंडात टाकली. इतक्या दिवसांनी कांदा तिखट लागला, डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहू लागलं. बाकीच्या पाकळ्या तिने अंबिकेला, सुलतानबीला वाटल्या. एक पाकळी बाजूला काढली आणि गंजीकडं बघून हाक मारली, "अवो, या की हिकडं! पावसात काय उभं ऱ्हायलाव? तुमच्या वाटचा हाय!"